नगराचा नियम कोणाचा ?

“जागा माझी, पैसा माझा, मग भिंत कोठवर यावी हें सांगणारे तुम्ही कोण?” जळगांवच्या कोणत्याहि नव्या वसाहतींत, जेथें घराचें बांधकाम चालू आहे तेथें, घटकाभर उभें राहिलें तर हा प्रश्न कानीं पडल्यावांचून राहत नाहीं. विचारणारा गृहस्थ बहुधा शिकलेला, संसारी आणि एरवीं कोणाच्या अध्यांत मध्यांत नसलेला असा असतो. त्याच्या प्रश्नांत उर्मटपणापेक्षां गोंधळच अधिक असतो. जन्मभर पैपैसा जोडून घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर आपल्या इच्छेआड दुसऱ्याची इच्छा कां यावी, हें त्याला खरोखरच उमगत नसतें. आणि ज्या शेजाऱ्यानें त्याला हटकलेलें असतें त्यालाहि, आपण कोणत्या हक्कानें हटकलें, हें नीटसें सांगतां येत नसतें. दोघेहि कांहीं दिवस एकमेकांशीं बोलत नाहींत. भिंत उभी राहते. प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. हा प्रश्न कायद्याचा आहे तितकाच नीतीचाहि आहे. त्याची ही दुसरी बाजू सहसा कोणी उघडून पाहत नाहीं, म्हणून आज ती वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमच्याच शेजारची गोष्ट सांगतों. एका गृहस्थांनीं घराच्या बाजूस सोडावयाच्या मोकळ्या जागेंत, म्हणजे कचेरीच्या भाषेंत जिला सामासिक अंतर म्हणतात त्या जागेंत, एक खोली काढली, आणि पलीकडच्या घरांतील स्वयंपाकघराचा उजेड गेला. पलीकडचे वयोवृद्ध गृहस्थ अर्ज लिहून कचेरींत गेले. कारकुनानें अर्ज वाचला आणि नम्रपणें म्हटलें, “काका, अर्ज खुशाल द्या; पण पाहणीला माणूस येईल तो दोन्ही घरें मोजील. तुमच्या बाजूची जागा सोडलेली आहे ना ?” काका अर्ज खिशांत घालून परत आले, कारण त्यांची मोटारीची शेड कुंपणाच्या भिंतीला टेकलेली होती. ही हकीकत ऐकून आम्ही मनसोक्त हंसलों. पण त्याच संध्याकाळीं सहज परसांत गेलों, तों आमच्याच घरामागची पत्र्याची खोली समोर उभी ! ती बांधतांना आम्हीं कोणाची परवानगी घेतली नव्हती, आणि ती घ्यावयाची असते हा विचारहि मनाला शिवला नव्हता. तेव्हां पुढील विवेचन म्हणजे एका निर्दोष मनुष्यानें इतरांस केलेला उपदेश होय, असें कोणीं समजूं नये.

नगरपालिकेच्या नियमांना आपण ‘उपविधि’ म्हणतों. ह्या ‘उप’ उपसर्गानें आपली मोठी दिशाभूल केली आहे. उपनदी, उपकथानक, त्याप्रमाणेंच उपविधि म्हणजे मूळ कायद्याच्या पंक्तीस न बसणारा कांहीं तरी दुय्यम प्रकार, अशी आपली कल्पना होते. आणि दुय्यम नियम मोडणें हें पापहि दुय्यमच, अशी मनाची समजूत पटते. परंतु ज्या इंग्रजी शब्दाचें हें भाषांतर आहे त्या ‘बाय-लॉ’चा इतिहास निराळा आहे. उत्तर युरोपांतील जुन्या नॉर्स भाषेंत गांवाला, वस्तीला जो शब्द होता, तोच ह्या ‘बाय’मध्यें दडलेला आहे, इंग्लंडांतील डर्बी, व्हिट्बी ह्या गांवांच्या नांवांच्या शेवटींहि तोच आहे. म्हणजे ‘बाय-लॉ’ हा दुय्यम कायदा नव्हे, तर गांवचा कायदा होय. गांवानें आपल्यासाठीं केलेला. हा अर्थ एकदां ध्यानांत आला कीं, “तुम्ही कोण ?” ह्या प्रश्नाचें एक उत्तर आपोआप सुचतें: ज्यांत तुम्हीहि आहां, असे आम्ही सर्व. मात्र हें उत्तर खरें ठरण्यास एक अट आहे. नियम खरोखरच गांवानें केलेला असला पाहिजे. तो तसा असतो काय ?

ह्याचा विचार करण्यास दूर जावयास नको. आपल्या खानदेशांतच, पांझरा नदीच्या कांठीं, आणि शेजारच्या बागलाणांत मोसम व आरम नद्यांच्या कांठीं, शेंकडों वर्षें चालत आलेली फड-बागाईत आहे. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, पाटानें पाणी शिवारांत आणावयाचें, आणि त्या पाण्याखालील सर्व जमिनीचे मोठे मोठे भाग, म्हणजे फड, पाडावयाचे. बहुधा असे चार फड असतात. एका फडांत एका सालीं एकच जातीचें पीक. ह्या फडांत यंदां ऊस, तर त्या फडांत गहूं. पुढच्या सालीं फेरपालट. पाणी वांटणारा पाटकरी आणि पिकांची राखण करणारा जागल्या हे सर्वांचे मिळून नेमलेले. पाणी कमी असेल त्या सालीं कोणत्या फडाला तें द्यावयाचें आणि कोणता फड कोरडा ठेवावयाचा, हेंहि सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. एखाद्या शेतकऱ्यानें, “जमीन माझी, बियाणें माझें, मी गव्हाच्या फडांत ऊस लावीन,” असें म्हटलें तर तें चालत नसे. उसाला पाणी बारमाही लागतें. एकाच्या उसापायीं साऱ्या फडाचा गहूं बुडावयाचा.

जमिनीच्या वापराचे विभाग पाडणें ही कल्पना साहेबानें आणिली असें आपण समजतों. जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरानें १८९१ सालीं आणि अमेरिकेंतील न्यूयॉर्कनें १९१६ सालीं तसे नियम केले, आणि जगांत त्यांचें अनुकरण झालें, हें खरें. परंतु येथें राहावें, येथें कारखाना काढावा, येथें झाडें असावींत, असें सांगणारा नगररचनेचा नकाशा आणि येथें ऊस, येथें गहूं असें सांगणारी फडाची रीत ह्यांत तत्त्वाचा भेद नाहीं. दोहोंतहि मालकी एकट्याची आणि वापराची मर्यादा सर्वांची.

मग प्रश्न असा कीं, फडाचा नियम खेडुतानें पोलिसावांचून पाळला आणि नगराचा नियम आपण शिकलेले लोक नोटिशीनंतरहि कां पाळीत नाहीं ? आमच्या मतें त्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें असें कीं, फडांतला नियम ज्यानें पाळावयाचा तो स्वतः तो ठरवितांना हजर होता. दुसरें असें कीं, बहुतेक शेतकऱ्यांची थोडथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. म्हणून यंदां एका तुकड्यावर जें सोसावें लागलें तें दुसऱ्या तुकड्यावर भरून निघे, आणि फेरपालटामुळें कोणाचाहि तोटा कायमचा होत नसे. तिसरें असें कीं, नियम सर्वांना ठाऊक होता. तो कोणत्याहि कपाटांत कुलपाखालीं नव्हता. नियम करण्यांत वांटा, नियमाच्या भारांत सर्वांचा वांटा, आणि नियमाचें ज्ञान, ह्या तीन गोष्टी असल्या म्हणजे मर्यादा ही जुलूम वाटत नाहीं. ती शब्द पाळण्यासारखी वाटते. ह्यांपैकीं एक जरी निसटली तरी तोच नियम परक्याचा हुकूम होऊन बसतो.

धुळें शहराचा जन्म ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्यांनीं आपल्या कारभाराचें ठाणें म्हणून धुळें निवडलें. १८१९ च्या आरंभीं सरकारी कचेऱ्या बांधण्यास मंजुरी मिळाली. दुरून कारागीर आणविले. व्यापाऱ्यांस व इतरांस वस्तीस येण्याचें उत्तेजन दिलें. घरांसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, आणि पक्कीं घरें उठवावींत म्हणून जुन्या रहिवाशांस व नव्यांस आगाऊ रकमाहि दिल्या. योजनापूर्वक वाढविलेलें हें शहर. तेथील गल्ल्या आजहि क्रमांकांनीं ओळखल्या जातात. शहर ह्या योजनेमुळें भरभराटीस आलें ह्यांत शंका नाहीं. परंतु ही योजना एका अधिकाऱ्याच्या मेजावर तयार झाली होती. रहिवाशास जागा मिळाली, मत मिळालें नाहीं. हितकर्ता राज्यकर्ता आणि कृतज्ञ प्रजा, असें तें नातें होतें. पुढें १८६२ सालीं धुळ्यास आणि १८६४ सालीं जळगांवास नगरपालिका झाल्या, तरी हें मनांतलें नातें पालटण्यास फार दिवस लागले. किंबहुना तें अद्याप पुरतें पालटलेलें नाहीं. नगरपालिका म्हणजे कोणी दुसरे आणि आपण म्हणजे त्यांच्याकडून घेणारे किंवा त्यांना चुकविणारे, हीच आपली भावना आहे.

कायदा मात्र पालटला. मुंबई इलाख्यानें १९१५ सालीं नगररचनेचा कायदा केला. तो हिंदुस्थानांतील ह्या जातीचा पहिला कायदा होय. आज महाराष्ट्रांत १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा चालतो. त्याप्रमाणें शहराच्या सध्यांच्या जमीन-वापराचा नकाशा करावयाचा, मग पुढील विकासाची योजना आंखावयाची: राहण्याचा भाग कोणता, व्यापाराचा कोणता, उद्योगाचा कोणता, शेतीचा कोणता, शाळा, बाग, दवाखाना, बाजार ह्यांसाठीं कोणती जमीन राखून ठेवावयाची. हा मसुदा राजपत्रांत व वर्तमानपत्रांत जाहीर करून कचेरींत सर्वांस पाहावयास ठेवावा लागतो, आणि तीस दिवसांच्या आंत कोणासहि हरकत वा सूचना लेखी देतां येते. हरकत घेणारांचें म्हणणें नियोजन समितीस ऐकावें लागतें. त्यानंतरच योजना सरकारी मंजुरीकडे जाते. म्हणजे फडाच्या बैठकींत जी जागा शेतकऱ्यास होती ती कायद्यानें नगरवासीयास देऊं केली आहे. वीस वीस वर्षें ज्या रेषा आपल्या दारावरून जावयाच्या, त्यांविषयीं बोलावयास तीस दिवस.

ह्या तीस दिवसांचें आम्ही काय करतों ? नगररचनेची अशीच एक सूचना एकदां वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर बारीक अक्षरांत आली होती. तिची मुदत संपून पुष्कळ दिवस लोटल्यावर तें पान आमच्या फडताळांत, डाळीच्या डब्यांखालीं पसरलेलें, आम्हांस सांपडलें. त्या पानावर काय होतें हें वाचून आम्हीं, “आम्हांला कोणी विचारलेंच नाहीं,” असें म्हणणें तेव्हांपासून सोडून दिलें आहे. कायदा बारीक अक्षरांत बोलतो हा त्याचा दोष खरा. सूचना प्रत्येक प्रभागांत, चौकांत, सोप्या मराठींत आणि नकाशासह लागली पाहिजे, हें आमचें म्हणणें कायम आहे. पण जो मनुष्य त्याच पानावरील स्थळांच्या जाहिराती भिंगानें वाचतो, त्यानें अक्षर बारीक होतें ही सबब कितपत सांगावी ?

न वाचण्याची किंमत काय पडते, ह्याचें एकच उदाहरण देतों. एखादी खाजगी जमीन योजनेंत बागेसाठीं राखून ठेविली, आणि दहा वर्षांत ती घेतली गेली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत घेण्याची पावलें पडलीं नाहींत तर आरक्षण आपोआप उठतें. हा नियम मालकाच्या दृष्टीनें अगदीं न्याय्य आहे; पैसा न देतां एखाद्याची जमीन जन्मभर अडवून ठेवणें ही दरवडेखोरीच होय. पण त्याच वेळीं त्या भागांतील मुलांची बाग गेलेली असते, आणि ती गेल्याचें कोणाच्या गांवींहि नसतें. मालक जागा होता, नगरपालिका झोपली होती, आणि नगरपालिकेस जागें करण्याचें ज्यांचें काम ते रहिवासीहि झोपले होते. येथें अन्याय कोणी केला ? कायद्याच्या पुस्तकांत ह्याचें उत्तर नाहीं, आरशांत आहे.

रहिवाशास खरोखरच कांहीं हक्क आहे काय, असें निराशेनें विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं तीन निकाल ध्यानांत ठेवावेत. उडुपी येथें नगररचना योजनेविरुद्ध राहत्या वस्तींत चित्रपटगृह बांधण्यास नगरपालिकेनें परवानगी दिली. एका रहिवाशानें ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली, आणि १९७४ सालीं न्यायालयानें असें ठरविलें कीं, योजना लोकांच्या हितासाठीं असते, ती पाळणें नगरपालिकेचें कर्तव्य आहे, आणि ती मोडल्यानें रहिवाशाच्या हक्कास बाध येतो. आपल्या शेजारच्या माळव्यांत, रतलाम येथें, उघड्या गटारांनीं गांजलेल्या रहिवाशांनीं दाद मागितली. तेव्हां “आमच्याजवळ पैसा नाहीं” ही नगरपालिकेची सबब १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें फेटाळली. बंगलूर येथें एका वसाहतींतील बागेची जागा खाजगी शुश्रूषागृहास देण्यांत आली होती. ती १९९१ सालीं न्यायालयानें परत बाग म्हणून राखविली. ह्या तिन्ही ठिकाणीं दाद मागणारे लोक तुमच्या आमच्यासारखेच सामान्य रहिवासी होते. “तुम्ही कोण ?” ह्या प्रश्नास त्यांनीं दिलेलें उत्तर देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयानें मान्य केलें आहे.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाहीं. नियम पवित्र मानावा, पण नियमच पक्षपाती असला तर ? अमेरिकेंतील लुईव्हिल शहरानें गोऱ्यांच्या व काळ्यांच्या राहण्याचे विभागच नियमानें वेगळे केले होते. १९१७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयास तो नियम रद्द करावा लागला. आपल्याकडे तर नकाशावांचूनच गांव जातवार वांटलेलें होतें, आणि गांवकुसाची भिंत हीहि एक विभागरेषाच होती. आजहि कचरा टाकण्याची जागा, मैल्याचा नाला, दुर्गंधीचा धंदा हीं सर्व कोणत्या वस्तीच्या उशाला जातात, हें नकाशा हातीं घेऊन पाहावें. म्हणून नियमाची परीक्षा फडाच्या कसोटीनेंच केली पाहिजे: ह्याचा भार फिरता आहे, कीं बैठकीस न बोलाविलेल्या एकाच घरावर तो नेहमीं पडतो ? जो नियम ह्या कसोटीस उतरत नाहीं त्याविरुद्ध हरकत घेणें हें नगरवासीयाचें कर्तव्यच आहे. पण उघड हरकत घेणें निराळें आणि चोरून मोडणें निराळें. पहिल्यानें नियम सुधारतो, दुसऱ्यानें तो फक्त दुबळ्यांपुरता उरतो.

गुंठेवारीचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. ज्याला मंजूर अभिन्यासांतला भूखंड परवडत नाहीं, असा गिरणीकामगार, हमाल वा लहान नोकर शहराच्या कडेला शेतजमिनीचा एक दोन गुंठ्यांचा तुकडा घेतो, आणि रस्ता, गटार, बिनशेती हुकूम ह्यांवांचूनच छप्पर उभारतो. अशा वसाहती नियमित करण्यासाठीं महाराष्ट्रानें २००१ सालीं कायदा केला, आणि पुढें २०२१ च्या दुरुस्तीनें मुदतीची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणिली. निवाऱ्यासाठीं नियम मोडणाऱ्यास समाजानें क्षमा करावी, कारण त्याला नियमांत बसणारें घर न देणें हा समाजाचाच पहिला अपराध होता, हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु प्रत्येक क्षमेच्या मागून दोन माणसें उभीं असतात. एक तो, जो तुकडे पाडून विकून गेला आणि ज्याला कांहींच भोगावें लागलें नाहीं. दुसरा तो, ज्यानें कर्ज काढून नियमाप्रमाणें मोकळी जागा सोडली, एक खोली कमी बांधली, आणि ज्याला आतां आपण मूर्ख ठरलों असें वाटतें. गरजेला क्षमा आणि लबाडीला दंड, हा भेद जो कायदा करीत नाहीं तो दयाळू दिसतो, पण प्रामाणिकपणाची किंमत उतरवितो. आणि आम्हां सुस्थितांच्या शेडी व पत्र्याच्या खोल्या ह्यांना तर गुंठेवारीच्या गरिबाचें नांव पुढें करण्याचा मुळींच अधिकार नाहीं.

नियम करणारेच नियम विसरले तर काय होतें, हें जळगांवानें पाहिलें आहे. तेथील नगरपालिकेनें गेल्या शतकाच्या अखेरीस गरिबांसाठीं अकरा हजारांवर घरकुलांची योजना घेतली. त्यांतलीं थोडींच पुरीं झालीं. प्रकरण फौजदारीवर गेलें, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं धुळ्याच्या विशेष न्यायालयानें ४८ जणांस दोषी ठरविलें. त्यांत त्या काळच्या नगरसेवकांचा मोठा भरणा होता. पुढें तें उच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयांचें काम न्यायालयांनीं करावें. आमचा प्रश्न निराळा आहे. हे ठराव होत होते तेव्हां आम्ही मतदार कोठें होतों ? सभेचीं इतिवृत्तें वाचावयास कोणी गेलें होतें काय ? निकाल लागल्यावर धिक्कार करणें सोपें असतें. ठराव होण्यापूर्वीं प्रश्न विचारणें जड जातें.

असें प्रश्न विचारण्याचीं साधनें पूर्वीं नव्हतीं, आतां आहेत. १९९२ च्या घटनादुरुस्तीप्रमाणें तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असावयास हव्यात. २०११ च्या खानेसुमारींत जळगांवची वस्ती सुमारें ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची पावणेचार लाख भरली; २००३ पासून दोन्ही शहरांत महानगरपालिका आहेत. २००९ सालीं महाराष्ट्रानें क्षेत्र सभेची तरतूद केली. पण आमच्या परिचितांपैकीं एकालाहि अशा सभेचें बोलावणें आल्याचें आठवत नाहीं. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. मंजूर नकाशाची नक्कल मागावयास कोणाच्या ओळखीची गरज नाहीं. २०१८ सालीं निवडलेल्या सभागृहांची मुदत २०२३ सालीं संपल्यावर दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकाकडे गेला. अशा वेळीं तर रहिवाशाच्या सावधपणावांचून दुसरा अंकुशच नसतो.

धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे ह्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद जपत आलें आहे. जुन्या काळचे महजर पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते: शेताच्या शिवेचा वाद गोतसभा बसून तोडी, आणि निवाड्यावर पाटील, कुळकर्णी, बलुतेदार ह्यांच्या साक्षी व निशाण्या पडत. शीव कोठें आहे हें साऱ्या गांवाला ठाऊक असे. शेंकडों वर्षांपूर्वींच्या शिवेचा कागद आपण भक्तीनें जपतों, आणि आपल्या वसाहतीचा मंजूर नकाशा आपण एकदांहि पाहिलेला नसतो !

तो पाहावयास आम्ही अखेर गेलों. कारकुनाच्या मेजावर पसरलेल्या त्या कागदावर प्रथम आमच्या घराचा चौकोन ओळखूं येईना. मग ओळखूं आला, आणि त्याच्या भोंवतीं चारी बाजूंनीं आंखलेली मोकळी जागाहि दिसली. जेथें हल्लीं मोटारी उभ्या राहतात आणि कोपऱ्यांत बांधकामाची वाळू पडलेली असते ती जागा नकाशांत ‘खुली जागा’ म्हणून होती. चाळीस गुंठ्यांच्या वरच्या अभिन्यासांत शेंकडा दहा जमीन अशी सर्वांसाठीं सोडावी लागते. म्हणजे ती आमच्या सर्वांची होती. आणि सर्वांची म्हणूनच कोणाचीहि राहिली नव्हती. नदीकांठच्या शहरांच्या नकाशांत आणखी दोन रेषा असतात: पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. १८७२ सालीं पांझरेच्या पुरानें धुळ्याचीं घरेंदारें उद्ध्वस्त केलीं, त्या स्मृतीची ही आजची लिपि होय. प्रत्येक कुटुंबानें आपला विभाग, आपलीं अंतरें, आपली खुली जागा, दारावरून जाणारी रस्त्याची रेषा आणि पूररेषा, एवढ्या पांच गोष्टी तरी मुलांना दाखवून ठेवाव्यात. मुलीचें लग्न ठरवितांना आपण सात घराणीं चौकशी करतों. जेथें तीन पिढ्या नांदावयाच्या त्या भूमीची एकदां चौकशी केली तर कोठें बिघडतें?

“मग माझी जागा माझी नाहीं काय ?” असें वाचक विचारील. आहे; पण तिच्यावर पडणारा उजेड, तिच्यावरून वाहणारें पाणी आणि तिच्यापुढचा रस्ता हीं एकट्याचीं नव्हत, आणि जागेला मोल येतें तें ह्याच तिहींमुळें. भर रानांत तेवढीच जमीन कवडीमोलानें मिळते. शहरांत ती लाखांनीं विकली जाते, ती शेजाऱ्यांमुळें. ज्यांच्यामुळें मोल आलें त्यांना बोलण्याचा हक्क नाहीं, असें कोणत्या नीतीनें म्हणावें ?

आमची पत्र्याची खोली अद्याप उभी आहे. ती काढा म्हणून सांगणारी नोटीस आलेली नाहीं, आणि बहुधा येणारहि नाहीं. तिच्यांत उन्हाळ्यांत पापड वाळतात, पावसाळ्यांत सरपण राहतें, आणि ती गेली तर घरांत अडचण होईल, असें घरच्या मंडळींचें म्हणणें आहे, तें खोटें नाहीं. परंतु तिच्यामुळें मागच्या घराच्या विहिरीवर ऊन पडत नाहीं, हें त्या घरच्या मावशींनीं आम्हांस कधींच सांगितलें नव्हतें, आम्हीं विचारलें तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, “असूं द्या, शेजार आहे.” ह्या एका वाक्यानें नोटिशीपेक्षां अधिक काम केलें. दिवाळीपूर्वीं ती खोली उतरविण्याचें आम्हीं ठरविलें आहे. आणि तें मोडण्याची सोय राहूं नये म्हणून येथें छापून टाकीत आहों.